गव्हाणीचा हक्क

रत्नागिरी जिल्ह्यावर पर्जन्याने जितके औदार्य दाखवले आहे तितके महाराष्ट्रातील फार थोड्या मुलखांच्या वाट्याला आले असेल. मृगापासून हस्तापर्यंत येथे तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, जांभ्याचे उघडेबोडके सडे पाहता पाहता हिरवे होतात, आणि भाद्रपदात डोंगरउतारांवर गवत असे माजते की त्यात शिरलेले गूर शोधावयाचे तर त्याच्या गळ्यातील घंटेचाच आधार घ्यावा लागतो. असे असूनही त्याच उतारांवर चरणारी गुरे फाल्गुन-चैत्रात बरगड्या मोजता याव्यात अशा अवस्थेला येतात. बाहेरून येणाऱ्यास हे कोडे वाटते; येथल्या रहिवाशास ते इतके अंगवळणी पडलेले आहे की त्याचे कारण विचारण्याची इच्छाही त्याला उरलेली नाही.

हे कारण शोधण्याचा प्रयत्न, आणि त्यातून निघालेला एक फार मोठा वाद, मला अलीकडे ऐकावयास मिळाला. वादी-प्रतिवादी दोघेही माझ्या आदरास पात्र. एक निवृत्त मुख्याध्यापक. घरी वारीची परंपरा, दावणीला कोकण कपिला जातीच्या मोजक्या गाई, आणि सारा गाव त्यांना गुरुजी म्हणून ओळखतो. दुसरे निवृत्त पशुधन विकास अधिकारी. उभी हयात याच जिल्ह्यातील गोठे पालथे घालण्यात गेलेली, आणि म्हणून सर्वांचे डॉक्टर. कार्तिकात, भात झोडून पेंढ्याच्या उडव्या रचण्याच्या दिवसांत, या दोघांत जे संभाषण झाले ते शक्य तितके त्यांच्याच शब्दांत पुढे देत आहे.

गुरुजी : परवा ग्रामसभेत तुम्ही जे बोललात त्याने मी अस्वस्थ झालो आहे, डॉक्टर. रेडकांना टाकून देऊ नका, त्यांना पोटभर खाऊ घाला, येथपर्यंतचे तुमचे म्हणणे मला सर्वस्वी मान्य आहे. परंतु दीड-दोन वर्षे उत्तम पोसले तर त्यांच्या मांसाला चांगला भाव येईल, हे जे कारण तुम्ही त्यास जोडलेत, त्यामुळे घास देणाऱ्या हाताचा हेतूच दूषित झाला असे मला वाटते. ज्याचा वध योजला आहे त्याला ममतेने चारा घालणे हा विश्वासघात नव्हे काय?

डॉक्टर : आपला प्रश्न मी टाळणार नाही, गुरुजी, परंतु तो ज्या वस्तुस्थितीवर उभा आहे ती प्रथम पाहू. म्हैस व्यायली आणि पारडी झाली तर घरात आनंद. रेडकू झाले तर त्याला आईपाशी सोडावयाचे ते तिने पान्हा सोडावा एवढ्यापुरते, आणि चार घोट घेते न घेते तोच दोरी ओढून खुंट्याला बांधावयाचे. वासराला रोगप्रतिकाराची शक्ती आईच्या गर्भातून मिळत नाही, ती चिकातून मिळते. आणि ती शक्ती चिकातून रक्तात जाण्याची वाट आतड्यात जेमतेम एक दिवस खुली असते. म्हणून जन्मल्यापासून तास-दोन तासांत चीक पाजावयास सुरुवात व्हावी आणि पहिल्या दिवसात वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका तो पोटात जावा, असा शास्त्राचा दंडक आहे. रेडकाच्या बाबतीत हा दंडक पाळणारी घरे मला फार थोडी आढळली. त्यावर म्हशीच्या पिलाला होणारी गोल जंतांची बाधा, जी आईच्या दुधावाटेच त्याच्या पोटात उतरते. दुसऱ्या आठवड्यात जंताचे औषध दिले तर ती टळते, पण जे वाचावे अशी कोणाची इच्छाच नाही त्याला औषध कोण पाजणार? मग हगवण लागते, कातडी हाडांना चिकटते, आणि एके दिवशी ते उठत नाही. त्याला कोणी मारलेले नसते, म्हणून कोणाच्या मनाला टोचणीही लागत नाही.

गुरुजी : हे वर्णन खोटे आहे असे मी म्हणणार नाही. परंतु पापाचे निवारण दुसऱ्या पापाने होत नाही. उपासमार हा गुन्हाच आहे. धर्माच्या दप्तरी आहे आणि सरकारच्याही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा सांगतो की, मालकाने आपल्या जनावरास पुरेसे अन्न, पाणी आणि निवारा न देणे ही क्रूरता होय. मग त्या कायद्याची अंमलबजावणी मागावी की रेडकाला बाजाराचा रस्ता दाखवावा?

डॉक्टर : त्याच कायद्याने पहिल्या अपराधास दहा ते पन्नास रुपयांचा दंड ठरवलेला आहे, म्हणजे जेमतेम किलोभर पेंडीची किंमत. आणि साक्ष कोण देणार? मेलेले रेडकू बोलत नाही, शेजाऱ्याच्या गोठ्यातही तीच वहिवाट असते. ज्या जीवाला मालकाच्या हिशेबात काहीच मोल नाही त्याला केवळ हुकमाच्या बळावर गव्हाणीत जागा मिळाली असे मी कोठे पाहिले नाही. पारडीला जागा मिळते, कारण ती पुढे दूध देणार आहे. रेडकालाही काही मोल यावे, एवढीच माझी खटपट आहे.

गुरुजी : मोलाशिवाय दयेला जागाच नाही, असे तुमचे मत दिसते. मग या भूमीत इतकी शतके जी गोसेवा चालत आली ती कोणत्या भावाने? आपल्याच कोकणपट्टीतील गागोद्याचे विनोबा. त्यांच्या प्रेरणेने १९८२ साली मुंबईस देवनारच्या कत्तलखान्याच्या दारात सत्याग्रह सुरू झाला. राज्यघटनेच्या अठ्ठेचाळिसाव्या अनुच्छेदाने गोवंशाची हत्या थांबवण्याचा आदेश राज्यास दिला. १९७६ च्या महाराष्ट्राच्या पशुसंरक्षण कायद्यातील संपूर्ण हत्याबंदी गाईपुरती होती, ती ४ मार्च २०१५ पासून बैल आणि वळू यांनाही लागू झाली, आणि पुढल्याच वर्षी उच्च न्यायालयाने ती हत्याबंदी कायम ठेवली. समाजाच्या विवेकाने जी दिशा धरली आहे तिच्या विरुद्ध आपण रेडकांना का न्यावे?

डॉक्टर : कायद्याचा मी पूर्ण आदर करतो आणि गोवंशाविषयी एक शब्दही बोलत नाही. माझे बोलणे म्हशीच्या नरापुरते आहे, आणि तेथेही सक्षम अधिकाऱ्याच्या दाखल्यावाचून एक पाऊल पुढे टाकू नये, या मताचा मी आहे. परंतु अठ्ठेचाळिसाव्या अनुच्छेदाचा पूर्वार्धही आपण वाचला असेल. कृषी आणि पशुसंवर्धन आधुनिक व शास्त्रीय पद्धतीने संघटित करावे, जातींचे जतन आणि सुधारणा करावी, असे तेथे आरंभीच म्हटले आहे. उत्तरार्धासाठी आपण मोर्चे काढले. पूर्वार्धासाठी, म्हणजे गुरांच्या पोटात काय जाते यासाठी, कोणी मोर्चा काढल्याचे मला आठवत नाही. याच रत्नागिरीत १९२४ ते १९३७ स्थानबद्ध असलेल्या सावरकरांच्या एका निबंधाचे शीर्षकच मुळी 'गोपालन हवे, गोपूजन नव्हे' असे आहे. त्यांच्या इतर मतांविषयी आपले काहीही म्हणणे असो, पण गुराच्या देहाची काळजी ही त्याच्या पूजेहून आधीची गोष्ट आहे, हे तर आपणही रोज पहाटे उठून आचरणात आणता.

गुरुजी : ते मान्य. पण मग आपल्या गुरांच्या उपासमारीचे खरे कारण तरी सांगा. अज्ञान म्हणाल तर शेतकरी इतका अज्ञानी नाही. आळस म्हणाल तर पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणाऱ्या आमच्या बायाबापड्यांवर तो अन्याय होईल.

डॉक्टर : अज्ञानही नव्हे आणि आळसही नव्हे, मूळ आपल्या हवामानात आहे. गवतात जेव्हा सत्त्व असते, म्हणजे श्रावण-भाद्रपदात ते फुलोऱ्यावर येण्यापूर्वी, तेव्हा ते कापून वाळवावयास येथे ऊन नसते. आणि दसऱ्यानंतर जेव्हा ऊन पडते तेव्हा गवताने बी टाकलेले असते, त्याची काडी लाकडासारखी झालेली असते आणि त्यातील प्रथिने निघून गेलेली असतात. आपण साठवतो ते हेच गवत आणि भाताचा पेंढा. पेंढ्यात प्रथिने शेकडा तीन-चार. पोटातील सूक्ष्म जीव नीट काम करावेत तर चाऱ्यात ती शेकडा सात तरी असावी लागतात. गुराचे पहिले पोट म्हणजे आंबोळीचे पीठ आंबवण्याच्या भांड्यासारखे आहे. आत आंबवणारे जीव जगले तर काडीचे अन्न होते, ते उपाशी राहिले तर काडीची काडीच राहते. म्हणून आपल्या गुराचे पोट भरलेले दिसते आणि तरीही ते उपाशी असते. शिवाय जांभ्याच्या आम्ल जमिनीत स्फुरद पिकाच्या हाती लागत नाही, आणि पेंढ्यातील ऑक्झलेट चुन्याला धरून ठेवते. परिणामी गुरे हाडे चघळतात, वाळत घातलेली लुगडी चावतात, आणि आपण त्यांना खोडकर ठरवतो.

गुरुजी : माझी एक गाय गेल्या वैशाखात दोरखंड चावत असे. तिला मी रागे भरलो होतो. उपाय काय?

डॉक्टर : उपाय फार खर्चाचे नाहीत. शंभर किलो पेंढ्यावर चार किलो युरिया सुमारे पन्नास लिटर पाण्यात विरघळवून थराथराने शिंपडावा, वर ताडपत्री घालून हवा न शिरेल अशा बेताने तीन आठवडे दाबून ठेवावे; पेंढा मऊ होतो, प्रथिने दुपटीच्या आसपास जातात, आणि जनावर तो आवडीने खाते. मात्र सहा महिन्यांच्या आतील वासराला असा पेंढा देऊ नये, आणि युरियाचे पाणी चुकूनही जनावराच्या तोंडी लागू देऊ नये. ते विष आहे. दुसरा उपाय मुरघासाचा. पावसाची उघडीप साधून फुलोऱ्यापूर्वीचे गवत, मका किंवा राहुरी विद्यापीठाच्या फुले जयवंतासारखे संकरित नेपियर कापावे, थोडे सुकू द्यावे, कडबाकुट्टीतून काढावे, आणि खड्ड्यात अथवा पिशवीत पायाने तुडवून हवा काढून बंद करावे. दीड महिन्यात आंबूस वासाचा चारा तयार होतो आणि तो चैत्रापर्यंत पुरतो. उन्हाची वाट पाहावी लागत नाही, हीच त्याची कोकणापुरती थोरवी. शिवाय बांधावर शेवरी-हादगा लावता येतो, गिरणीचा ताजा कोंडा मिळतो. तो खवट होण्यापूर्वी वापरावा एवढेच. खोबऱ्याची पेंड आहे, तुरीची चुनी आहे, आणि रोज मूठभर मीठ-क्षार आहेत.

गुरुजी : हे सारे मी उद्यापासून करीन, पण माझ्या गाईंसाठी, त्यांच्या दुधाशेणासाठी. यात वधाचे प्रयोजन कोठे आले?

डॉक्टर : आपल्या गाईंसाठी ते येत नाही. परंतु नारळ-सुपारीच्या बागेवर ज्याचे पोट आहे आणि ज्याच्या दारात दरसाल एक म्हैस विते, त्याने रेडकासाठी हा खर्च का करावा, याचे उत्तर मला द्यावे लागते. तीस किलोंचे जन्मलेले रेडकू आपल्या नेहमीच्या रीतीने, वाचलेच तर, कसेबसे वाढते. त्याला तीन महिने हक्काचे दूध, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून थोडा वासरांचा खुराक, मग प्रक्रिया केलेला पेंढा, हिरवा चारा आणि दीड-दोन किलो आंबोण मिळाले तर रोज अर्ध्या किलोच्या आसपास वजन चढू शकते. दीड वर्षात ते तीनशे किलोंच्या घरात जाते. याच विचाराने केंद्र सरकारने अकराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात म्हशीची नर वासरे वाचवून वाढवण्याची योजना काढली होती. मोठ्याचे मटण खाणारी माणसे याच किनाऱ्यावर आपल्या शेजारी राहतात. गरिबाच्या घरात ते प्रथिनांचे स्वस्त साधन आहे. आज त्यांच्या पदरी पडते ते बहुधा भाकड म्हशीचे, वयाबरोबर चिवट झालेले मांस.

गुरुजी : शेजाऱ्याच्या ताटात डोकावण्याचा अधिकार मला नाही, आणि तो मी कधी गाजवलेला नाही. माझा आक्षेप खाणाऱ्यावर नसून पोसणाऱ्याच्या मनावर होणाऱ्या परिणामावर आहे. आज तुम्ही म्हणता, चांगले मांस यावे म्हणून चांगले खाऊ घाला. उद्या मांस आणखी रुचकर व्हावे म्हणून जनावराला न मानवणारेही खाऊ घातले जाईल. हेतू एकदा जिभेच्या स्वाधीन केला की तो कोठे थांबतो?

डॉक्टर : ही शंका निराधार नाही, हे मी प्रांजळपणे कबूल करतो. जपानातील कोबे-मात्सुसाकाचे गोमांस जगात सर्वांत महाग. स्नायूंमध्ये चरबीचे बारीक जाळे पसरलेले असणे हे तेथील उत्तमतेचे लक्षण. आपल्याला नवल वाटेल, पण त्या जनावरांच्या खुराकातील काडीचा भाग बहुधा भाताचा पेंढाच असतो, आणि धान्य भरपूर. पेंढ्यात अ-जीवनसत्त्वाचा मूलस्रोत जवळजवळ नसतो आणि त्याच्या कमतरतेत चरबीचे जाळे अधिक दाटते, म्हणून ते मुद्दाम कमी ठेवण्याची चाल तेथे आहे. ती मर्यादेपलीकडे गेली तर जनावर आंधळे होते. अमेरिकेतील वाड्यांत धान्याचा मारा अतोनात झाला म्हणजे पोटात आम्ल वाढते आणि यकृतात गळवे होतात. हे उत्तम मांस असेल. उत्तम पोषण खचित नव्हे.

गुरुजी : मग तुमच्याच तोंडून माझी बाजू सिद्ध झाली.

डॉक्टर : अर्धी. कारण दुसऱ्या बाजूस असे एक सत्य आहे की ज्यात जिभेचा स्वार्थ आणि जनावराचे हित एकत्र येतात. उपाशी, तहानलेले, भेदरलेले, ट्रकमध्ये कोंबून रात्रभर हिंदकळत आणलेले जनावर मारले तर त्याचे मांस काळपट, चिकट आणि लवकर नासणारे होते. स्नायूंत साठवलेली शर्करा भीतीने आणि उपासाने आधीच खर्ची पडलेली असते, त्यामुळे मृत्यूनंतर जे लॅक्टिक आम्ल तयार व्हावयाचे ते होतच नाही आणि मांसाचा सामू साडेपाचाच्या जवळ उतरत नाही. जन्मापासून पोटभर खाल्लेले, शेवटच्या दिवशी पाणी आणि विश्रांती मिळालेले, न भ्यालेले जनावरच चांगले मांस देते. निसर्गाने हा दंडक मांसातच लिहून ठेवला आहे. आणि म्हशीच्या मांसात चरबीचे जाळे फारसे होतही नाही. तेव्हा जपानच्या वाटेने जाण्याचे आपल्याला प्रयोजन नाही.

गुरुजी : मला आणखी एक भय आहे. जो मांसासाठी जनावराच्या पोटात खुराक घालतो तो पुढे नफ्यासाठी काहीही घालतो. इंग्लंडात गाईंना मेलेल्या जनावरांच्या मांस-हाडांची भुकटी चारली. शाकाहारी प्राण्याला मांसाहारी केले. १९८६ त गाईंच्या मेंदूचा भयंकर रोग उघडकीस आला आणि दहा वर्षांनी तो माणसांपर्यंत पोहोचल्याचे मान्य करावे लागले. आणि दूर कशाला जावे? आपल्या सह्याद्रीतली गिधाडे कोठे गेली?

डॉक्टर : डायक्लोफेनॅक. दुखणाईत गुरांना आम्हीच ते टोचत होतो. ते गूर मेले की गिधाडे त्याला खात आणि मूत्रपिंडे निकामी होऊन मरत. २००६ साली पशुवैद्यकात त्याला बंदी झाली, तोवर फार उशीर झाला होता. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने उरल्यासुरल्या गिधाडांसाठी जे कष्ट घेतले ते आपल्याला ठाऊकच आहेत. म्हणूनच मी म्हणतो, गव्हाणीत जे पडते ते तेथेच संपत नाही. ते दुधात जाते, मांसात जाते, शेणावाटे शेतात जाते, आणि मेल्यावरही कोणाच्या तरी पोटात जाते.

गुरुजी : यावर आपले एकमत आहे. आता व्यवहाराचे बोलू. गुरांच्या बाजारात दलाल जनावराला नजरेने जोखतो आणि टोपीखाली हात धरून भाव ठरवतो. रेडा नीट पोसलेला आहे की माळावर उंडारलेला, याचा वेगळा दाम कोण देतो? पेंड-चुनीचा खर्च मालकाचा आणि नफा व्यापाऱ्याचा, अशी वाटणी होणार असेल तर तुमच्या उपदेशाने गरीब माणूस कर्जात बुडेल. आणि किलोभर वजन वाढावयास सहा-आठ किलो खुराक लागतो असे तुम्हीच सांगता. तो माणसाच्या तोंडचा घास नव्हे काय?

डॉक्टर : शेवटचा मुद्दा आधी घेतो. मका-गहू चारणाऱ्या देशांत तो घास माणसाच्या तोंडचाच आहे, हे निर्विवाद. पण पेंढा, कोंडा, पेंड, चुनी हे माणूस खात नाही, आणि कोकणात मी त्यापलीकडे जावयास सांगत नाही. भावाचा मुद्दा मात्र खरा आणि कठीण आहे. काट्यावर वजन होऊन, पोषणाची नोंद पाहून दाम मिळण्याची तजवीज नसेल तर माझे म्हणणे फुकट जाईल. हिंदुस्थान जगाला म्हशीचे मांस पुष्कळ विकतो, पण त्यातील बहुतेक गोठवलेले, स्वस्त, भाकड जनावरांचे. गुणवत्तेचा दाम तेथेही क्वचितच. सहकाराखेरीज यावर उतारा मला दिसत नाही.

गुरुजी : मला दुसरा उतारा दिसतो. ज्या रेतनाने शेकडा नव्वदांच्या आसपास पारड्याच जन्मतात अशा लिंगनिर्धारित वीर्याच्या मात्रा आता मिळतात, असे तुम्हीच मला दाखवले होते. जो जीव आपल्याला नको त्याला जगात आणूच नये, आणि जो आला त्याला त्याच्या आयुष्यभर शेणाच्या मोलावर पोसावे. आपल्या भाताच्या तरव्याला, आंब्याच्या कलमांना शेणखत केवढे लागते! राबासाठी डोंगर ओरबाडण्यापेक्षा तो रेडा परवडेल.

डॉक्टर : तुमचा उपाय माझ्याहून निर्मळ आहे, गुरुजी, आणि ज्याला तो पेलेल त्याने तोच करावा, मी त्याला रेतनही करून देईन. परंतु रेड्याचे पंधरा-वीस वर्षांचे खाणे शेणाच्या मोलावर भागवू शकेल असा अल्पभूधारक मला दाखवा. आणि आज रात्री या तालुक्यात जे रेडकू जन्मणार आहे त्याचे काय? त्याच्यापुरती तुमची दया आणि माझा हिशेब दोन्ही उद्या पहाटेच्या आत पोहोचले पाहिजेत.

गुरुजी : पोहोचले पाहिजेत, हे खरे. मारण्याला माझी संमती तुम्हाला मिळणार नाही. ती मागूही नका. पण एक मात्र सांगतो. उपाशी ठेवून मरू देणारा माणूस आपल्याला माझ्या पक्षाचा म्हणवीत असेल तर तो माझ्या पक्षाचा नाही.

डॉक्टर : आणि केवळ वजन वाढावे म्हणून जनावराला आजारी पाडणारा खुराक घालणारा माझ्या पक्षाचा नाही.

या दोघांचे संभाषण येथे थांबले, वाद मिटला म्हणून नव्हे. वधाच्या प्रश्नावर ते दोघे एकत्र येतील अशी मला आशा नाही, आणि तशी सक्ती कोणी करू नये असेही माझे मत आहे. श्रद्धा आणि उपजीविका यांच्यातील असा भेद एखाद्या लेखाने पुसला जाईल इतका उथळ नसतो. परंतु त्यांच्या बोलण्यातून मला जी कसोटी हाती लागली ती दोन्ही पक्षांवर सारखीच लागू पडते. ज्या आहाराने जनावर त्याचे पूर्ण आयुष्य निरोगी जगू शकले असते तोच चांगला आहार. मग ते आयुष्य मनुष्य दुधासाठी लांबवो, श्रद्धेने राखो वा मांसासाठी मध्येच संपवो. या कसोटीवर जपानी गोठ्यातले अ-जीवनसत्त्वावाचून पोसलेले लठ्ठ जनावर नापास होते, आणि आपल्या गोठ्यातले, पूजेच्या दिवशी झेंडूची माळ घातलेले आणि उरलेले वर्षभर शेकडा तीन प्रथिनांच्या पेंढ्यावर ठेवलेले जनावरही नापास होते. सामिष आणि निरामिष, दोन्ही बाजूंच्या सज्जनांनी एकमेकांवर फिर्याद गुदरण्यापूर्वी आपापल्या गव्हाणीत काय पडले आहे ते पाहून घेणे मला अगत्याचे वाटते.

माझे म्हणणे इतकेच की मृत्यूचा प्रश्न जितका गहन आहे तितका अन्नाचा प्रश्न नाही; तो सुटण्यासारखा आहे, याच मोसमात सुटण्यासारखा आहे, आणि पहिल्याच्या ओझ्याखाली आपण दुसरा विनाकारण रखडवून ठेवला आहे. दापोलीस १९७२ पासून कृषी विद्यापीठ उभे आहे. कोकण कपिलेची कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. युरिया गावच्या सोसायटीत मिळतो आणि ताडपत्री तर प्रत्येक घराच्या माळ्यावर आहे. ग्रामपंचायतीने गुरचरणाच्या एका कोपऱ्यात मुरघासाचा सामाईक खड्डा खणावा, दूध संस्थेने पारडीइतकाच रेडकाच्या चिकाचाही आग्रह धरावा, गुरांच्या बाजारात टोपीऐवजी काटा यावा, आणि उडवी रचण्याच्या आधी प्रत्येक शेतकऱ्याने निदान पंधरा दिवसांचा पेंढा प्रक्रियेसाठी वेगळा काढावा. एवढे करण्यासाठी गुरुजींना आपला धर्म सोडावा लागत नाही आणि डॉक्टरांना आपले शास्त्र. आणि एवढे ज्याने केले नाही त्याला, तो कोणत्याही पक्षाचा असो, जनावराच्या जगण्याविषयी किंवा मरणाविषयी निवाडा देण्याचा अधिकार पोहोचत नाही.